सीझर, कमरेतील भूल आणि मातेचा रक्तदाब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पर्वत पाटिया येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोकांना झोप आणणे हा आमचा व्यवसाय आहे. आज या सभागृहात तो न करण्याची खबरदारी आम्ही घेणार आहोत. पण जेवणानंतरची वेळ आहे, तेव्हा यशाची हमी देत नाही.

आम्हांला विषय देताना विश्वस्तांनी एवढेच सांगितले की, आपल्या वस्तीतील आयाबहिणींच्या उपयोगाचे काही बोला. आम्ही पुष्कळ विचार केला. मधुमेह, हृदयविकार या विषयांवर बोलणारे अनेक आहेत. परंतु ज्या गोष्टीत आमचे आयुष्य गेले, आणि जिच्याविषयी घरोघर गैरसमज आहेत, ती म्हणजे सीझरच्या वेळी कमरेत दिली जाणारी सुई. या सुईने बाईचा रक्तदाब उतरतो, तो का उतरतो आणि उतरू नये म्हणून काय करता येते, एवढ्याच गोष्टीवर आज बोलायचे आम्ही ठरविले आहे. विषय लहान दिसतो, पण या लहानशा गोष्टीवर दोन जीव अवलंबून असतात.

आपण बहुतेक जण खानदेशातून आलेलो. कोणी नंदुरबारचे, कोणी शिंदखेड्याचे, कोणी अमळनेर-धरणगावचे. ताप्तीकाठच्या रेल्वेने उधन्याला उतरलो, कोणी लूमच्या खात्यात लागला, कोणी मार्केटात साड्यांच्या गाठी उचलू लागला, आणि लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पर्वत पाटिया या भागांत आपण घरे केली. सुरतेचे लोक मराठी माणसाची ओळख सांगताना थट्टेने १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी काढतात. त्यांना आम्ही दुसरी एक ओळख सांगत असतो. लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण पुरे करून १८९४ साली स्वदेशी परतलेल्या डॉ. रखमाबाई या मराठी बाई १८९५ साली याच सुरतेत आल्या आणि येथील स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला. त्या काळी बाळंतपणासाठी दवाखान्यात जाणे म्हणजे मरायला जाणे, अशी समजूत होती. आज या समजुतीचे रूप बदलले आहे. दवाखान्यात जायला कोणी भीत नाही, पण “मणक्यात सुई देऊ नका हो साहेब, पुरी भूल द्या,” असे म्हणणारी सासू आम्हांला आठवड्यातून एकदा तरी भेटतेच.

तेव्हा आधी या सुईचीच हकीकत सांगतो. १८९८ साली जर्मनीत कील येथे ऑगस्ट बीअर नावाच्या शल्यवैद्याने रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील पाण्यात कोकेनचे औषध सोडून कमरेखालचा भाग बधिर केला. पुढे त्याने आणि त्याच्या हिल्डेब्रांट नावाच्या साहाय्यकाने हा प्रयोग एकमेकांवर करण्याचे ठरविले. बीअरवरचा प्रयोग फसला, साहाय्यकावरचा साधला. मग बीअरने त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडीने मारून पाहिले, त्वचा जाळून पाहिली. गड्याला काही कळले नाही. रात्री दोघांनी मद्य आणि चिरूट यांनी आनंद साजरा केला आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांचीही डोकी भयंकर दुखू लागली. डोके का दुखले, ते शेवटी सांगू. दोनच वर्षांनी, १९०० साली, स्वित्झर्लंडमध्ये ऑस्कर क्राइस याने ही रीत बाळंतिणींसाठी वापरली. आज कोकेन गेले, सुया केसासारख्या बारीक झाल्या, पण मूळ युक्ती तीच राहिली.

आता, पुरी भूल का देत नाही? देतो, काही प्रसंगी तीच द्यावी लागते. परंतु गर्भारपणात पोटातील अन्न वर येण्याचा संभव फार असतो आणि बेशुद्ध बाईच्या फुप्फुसात ते उतरले तर प्राणावर बेतते. मेंडेलसन नावाच्या डॉक्टराने १९४६ साली याचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून भूल देणारे सावध झाले. शिवाय गर्भवतीच्या घशाला सूज असते, श्वासनळीत नळी घालणे अवघड जाते. कमरेतील सुईने हे दोन्ही धोके पुष्कळ टळतात. आई जागी असते, बाळाचे पहिले रडणे स्वतःच्या कानांनी ऐकते. म्हणून जगभर सीझरसाठी याच सुईला पहिली पसंती आहे.

पण या सुईची एक खोड आहे, आणि तिच्याविषयी आम्ही येथे बोलण्यास उभे आहोत.

सुमारे वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांला आजही बरे वाटत नाही. एका लहानशा प्रसूतिगृहातून रात्री बोलावणे आले. नंदुरबारकडची, लूमवर काम करणाऱ्याची बायको, पहिलटकरीण, वय विशीच्या आतबाहेर. बाळाचे डोके खाली सरकत नव्हते. आम्ही कमरेत सुई दिली, बाईला उताणे निजविले आणि दुसऱ्या एका दवाखान्याचा निरोप आला होता, त्याला उत्तर देण्यासाठी पाठ फिरविली. रक्तदाबाचे यंत्र हाताने फुगविण्याचे होते, त्याचा फुगा गळका होता. बाई हळूच म्हणाली, “माय वं, मना जीव घाबराई ऱ्हायना.” तेथील परिचारिकेला अहिराणी येत नव्हती. आम्हांला येत होती. पण आम्ही ते भीतीचे बोलणे समजलो आणि न वळताच म्हणालो, “घाबरू नका ताई, आता होईलच.” तिने जांभई दिली, मग ओकारी आली, मग ती बोलेनाशी झाली. वळून नाडी पाहिली तर मनगटाला लागेना. वरचा रक्तदाब साठ. त्यानंतरच्या चार-पाच मिनिटांत आम्ही काय काय केले ते सांगत बसत नाही. पोट डावीकडे ढकलले, सलाईन मोकळे सोडले, रक्तदाब चढविण्याचे औषध दिले, ती सावरली. बाळ बाहेर आले ते मलूल, रडेना. त्याला तोंडावर मास्क धरून श्वास द्यावा लागला, तेव्हा काही मिनिटांनी रडले. दोघेही सुखरूप घरी गेली. आठव्या दिवशी तिचा नवरा पेढे घेऊन आला. ते पेढे आमच्या घशाखाली उतरले नाहीत. त्या माणसाला आम्ही काही सांगितलेही नाही, आणि सांगायला हवे होते असे आता वाटते.

त्या रात्री यंत्राने सांगण्यापूर्वी तिनेच आम्हांला सांगितले होते. जीव घाबरणे, जांभया येणे, मळमळणे, कानांत गुणगुणणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही मेंदूला रक्त कमी पडल्याची हाक आहे. अशा वेळी बाईची समजूत घालायची नसते, रक्तदाब पाहायचा असतो.

हा रक्तदाब उतरतो कसा? आपल्या चाळीतल्या पाण्याचे उदाहरण घ्या. गच्चीवर टाकी आहे, खालपर्यंत नळ आहेत. एकेका घरात एकेक तोटी चालू असेल तर सर्वांना धार मिळते. पण सगळ्यांनी सगळ्या तोट्या एकदम पूर्ण सोडल्या, तर पाणी तेवढेच असूनही दाब पडतो आणि अगदी टोकाच्या घरात थेंब थेंब येते. शरीरातील बारीक रक्तवाहिन्या या तोट्यांसारख्या आहेत. त्या किती आवळायच्या, किती सैल सोडायच्या हे पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या काही मज्जातंतूंच्या हाती असते. कमरेतील औषध दुखणे कळविणारे तंतू बधिर करते, त्याबरोबर हे तंतूही बधिर होतात. सीझरसाठी बधिरपणा छातीच्या निम्म्यापर्यंत, स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत चढवावा लागतो, नाहीतर पोट उघडल्यावर बाईला खेच लागते. म्हणजे जवळजवळ सगळ्याच तोट्या एकदम सुटतात. रक्त पायांत आणि पोटात साचते, हृदयाकडे परत कमी येते. बधिरपणा आणखी वर चढला तर हृदयाची गती वाढविणारे तंतूही बंद पडतात आणि नाडी मंद होते.

त्यात आणखी एक अडचण. नऊ महिन्यांचे गर्भाशय जड असते आणि बाई उताणी निजली की ते कण्याच्या पुढून जाणाऱ्या मोठ्या नीलेवर बसते. पायांकडून येणारे रक्त तेथेच अडते. अमेरिकेतील तीन डॉक्टरांनी १९५३ साली या प्रकाराला नाव दिले आणि त्यावर लेख लिहिला. आपल्याकडील आज्या नातसुनेला “डाव्या कुशीवर नीज गं” म्हणून सांगत आल्या. कारण त्यांना सांगता आले नसते, पण सल्ला चुकीचा नव्हता.

आणि या चाळीत टोकाच्या खोलीतला भाडेकरू म्हणजे पोटातले बाळ. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाला दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त लागते. मेंदूच्या रक्तवाहिन्या दाब थोडा कमी झाला तरी स्वतः सैल होऊन आपला वाटा राखतात. गर्भाशयाकडील वाहिन्या आधीच पूर्ण सैल असल्यामुळे त्यांना ती सोय नाही. आईचा दाब उतरला की बाळाचा पुरवठा त्याच प्रमाणात उतरतो. थोडा वेळ उतरला तर निरोगी बाळ सोसते. फार उतरला, फार वेळ उतरला, तर त्याच्या रक्तात आम्ल साठू लागते.

काहीच प्रतिबंध केला नाही तर निम्म्याहून अधिक बायकांचा रक्तदाब या सुईनंतर उतरतो, म्हणजे या गोष्टीला अपघात म्हणता येत नाही. ती येणारच असे धरून चालावे लागते. पूर्वी आमच्या पिढीला शिकविले जाई की, दाब उतरला तर औषध द्या. आता ही रीत उलटली आहे. दाब उतरण्याच्या आधीच औषध सुरू करा, असे सांगितले जाते. हा बदल आमच्या डोळ्यांदेखत झाला, आणि आमच्या मते या विषयात गेल्या पंचवीस वर्षांत झालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच होय.

आम्ही शिकत होतो तेव्हा सलाईनवर फार भिस्त असे. सुईच्या आधी एक बाटली, दीड बाटली भराभर चढवायची आणि मग सुई द्यायची. १९६० नंतरच्या काळात ही रूढी पडली. पुढे १९९३ च्या सुमारास तपासून पाहिले तेव्हा दिसले की, नुसते पाणी आधी भरून ठेवल्याने फारसा लाभ होत नाही. ते थोड्याच वेळात वाहिन्यांबाहेर झिरपून जाते. तोट्या सुटण्याच्या आधी टाकीत पाणी ओतण्यापेक्षा त्या सुटत असतानाच ओतलेले बरे. म्हणून आता सुई देतानाच सलाईन वेगाने सोडतात. यामुळे आणखी एक फायदा झाला. घाईच्या प्रसंगी बाटली संपण्याची वाट पाहत खोळंबून राहण्याचे कारण उरले नाही.

औषधांचीही एक हकीकत आहे. पुष्कळ वर्षे एफेड्रिन हेच बाळंतिणीसाठी योग्य औषध मानले जाई. ते एफेड्रा नावाच्या झुडपापासून निघते. चीनमध्ये ते झुडूप फार जुन्या काळापासून औषधात वापरतात. वेदांतील सोमवल्ली म्हणजे हीच वनस्पती, असा काही विद्वानांचा तर्क आहे; तो वाद आम्ही विद्वानांवरच सोपवितो. एफेड्रिनने दाब चढतो, नाडीही वाढते. पण ते वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाच्या शरीरातील व्यापार वाढवून त्याच्या रक्तातील आम्ल वाढविते, असे पुढे आढळून आले. त्याच्या जागी फेनिलेफ्रिन आले. हे औषध सैल झालेल्या वाहिन्या आवळते, म्हणजे नेमके सुटलेल्या तोट्याच फिरविते. त्याने नाडी मंद होते, एवढे सांभाळावे लागते. हाँगकाँगमधील भूलतज्ज्ञांनी या औषधाचा फार बारकाईने अभ्यास केला. त्याच मंडळींनी २०१५ पासून नॉरएपिनेफ्रिन हे आणखी एक औषध पुढे आणले. त्याने नाडी तितकी मंदावत नाही. आपल्या देशात मेफेंटरमिन फार वापरतात, आम्हीही वापरले आहे. ते स्वस्त आहे, सहज मिळते, आणि प्रसंगी उपयोगी पडते.

२०१८ साली निरनिराळ्या देशांतील भूलतज्ज्ञांनी एकत्र बसून एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य गोष्ट साध्या भाषेत अशी : सुई देण्याआधी बाईचा जो वरचा रक्तदाब असेल, त्याच्या शंभरातील नव्वद भाग तरी टिकवावा, आणि ऐंशी भागांखाली जाऊ देऊ नये. म्हणजे आधी १२० असेल तर १०८ च्या वर ठेवायचा आणि ९६ च्या खाली जाण्याची वेळ येऊ द्यायची नाही. त्यासाठी सुई देताक्षणीच फेनिलेफ्रिन सारखे ठिबकत ठेवावे, सुरुवातीला मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम, आणि रक्तदाब पाहून कमीजास्त करावे. येथे एक धोक्याची जागा आहे. बाजारात मिळणाऱ्या कुपीत हे औषध बहुधा १० मिलिग्रॅम असते. ते १०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळले तर एका मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम येते. घाईत एका शून्याची चूक झाली तर दसपट औषध जाते. म्हणून ते मिसळणाऱ्याने मोठ्याने बोलावे, दुसऱ्याने ऐकून तपासावे आणि पिचकारीवर चिठ्ठी लावावी. हा उपाय फुकट आहे, आणि म्हणूनच बहुधा तो पाळला जात नाही.

डावीकडे कलविण्याविषयी मात्र थोडा वाद झाला. उजव्या कुशीखाली पाचर ठेवून बाईला पंधरा अंश डावीकडे कलवावे, असे आम्ही शिकलो. जपानमध्ये २०१५ साली एमआरआयची चित्रे घेऊन पाहिले, तर पंधरा अंशांनी ती मोठी नीला मोकळी होत नाही, तीस अंशांनी होऊ लागते, असे दिसले. तीस अंश कलविलेल्या बाईवर शस्त्रक्रिया करणे म्हणजे उतरणीवर उभे राहून पोळ्या लाटण्यासारखे आहे. मग कलवावे की नाही? आमचे मत असे की, औषध नीट चालू असेल तर थोड्या कमीजास्त कलण्याने फारसे बिघडत नाही. पण लहान दवाखान्यात, जेथे औषध ठिबकविण्याचे यंत्र नाही, तेथे उशी ठेवणे किंवा हाताने गर्भाशय डावीकडे सारून धरणे, हे सोडू नये. त्याला पैसे पडत नाहीत.

याशिवाय पायांना घट्ट पट्ट्या गुंडाळणे, मळमळीवरचे ऑन्डान्सेट्रॉन आधी देणे, मणक्यातील औषधाची मात्रा बेताची ठेवून त्यात फेंटानिलचा अंश मिसळणे, असेही उपाय आहेत. या प्रत्येकाने थोडाथोडा लाभ होतो, पण एकही उपाय एकट्याने पुरा पडत नाही. आणि सुई दिल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत रक्तदाब दर मिनिटाला पाहावा. आमच्यासारख्याने पाठ फिरवायची नाही, मग फोन कोणाचाही असो. आपल्या शहरात एकेक भूलतज्ज्ञ दिवसातून चार-चार दवाखाने फिरतो. सुई देऊन, “चालू द्या, मी आलोच” म्हणून निघून जाण्याचा मोह होतो. तो मोह कोणालाही होऊ देता कामा नये. ज्याने सुई दिली त्याने शेवटचा टाका पडेपर्यंत तेथेच बसले पाहिजे. हे आम्ही इतरांना सांगतो, त्याआधी स्वतःला सांगून घेतले आहे.

बाळ बाहेर आल्यावर काम संपले असे समजू नये. गर्भाशय आवळण्यासाठी ऑक्सिटोसिन देतात. तेही झटकन शिरेत सोडले तर रक्तदाब एकदम पाडते, म्हणून सावकाश द्यावे लागते. आणि यानंतर दाब उतरला तर आधी रक्त किती गेले ते पाहावे. तोटी सैल झाल्याने पडलेला दाब वेगळा आणि टाकीच फुटल्याने पडलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारात औषधाने आकडा सुधारतो, बाई सुधारत नाही.

हे सारे डॉक्टरांनी करायचे झाले. घरच्यांनी काय करायचे, ते आता सांगतो.

शेवटच्या महिन्यांत बाईला फार वेळ उताणी निजवू नका. रिक्षात, गाडीत, १०८ मध्ये नेतानाही डाव्या कुशीवर निजवा. दवाखान्यात पोचल्यावर स्ट्रेचरवर तसेच ठेवा. कोणी सरळ केले तर विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

खाण्यापिण्याविषयी दोन टोके आम्ही पाहतो. एक सासू आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब देत नाही. सुनेची जीभ कोरडी पडते आणि सुईनंतर दाब अधिकच पडतो. दुसरी, पदराआड तूप घातलेले दूध पाजते, कारण “अंगात ताकद नको का?” ठरविलेले सीझर असेल तर हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दूध हे पाण्यात मोडत नाही, ते अन्नात मोडते. दुधाचा चहाही तसाच. आणि काय खाल्ले ते खरे सांगा. आम्ही रागावू, पण बाईचे प्राण वाचतील.

बाईच्या हृदयाच्या झडपेला काही दोष असल्याचे लहानपणी कोणी सांगितले असेल, तर तो कागद मिळाला नाही तरी तोंडी सांगा. काही झडपांच्या रोगांत ही सुई फार जपून द्यावी लागते, कधी देऊच नये लागते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आमच्या खानदेशात, विशेषतः नंदुरबारकडे, आणि येथे दक्षिण गुजरातेतही सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. तो लपविण्याचा आहे असे लोकांना वाटते, सोयरिकीच्या भीतीने. अशा बाईला थंडी बाधते, पाणी कमी पडलेले बाधते, प्राणवायू कमी पडलेला बाधतो. आणि रक्तदाब उतरणे म्हणजे तिला हे सगळे एकदम होण्याची तयारी. दवाखान्यात सांगितलेली गोष्ट सोयरिकीपर्यंत जात नाही.

आणि पांडुरोग. स्टोन चिकटवीत, लेसपट्टी लावीत दिवसभर मान मोडून बसणाऱ्या आपल्या बायकांच्या अंगात रक्त बेताचेच असते. सीझरच्या दिवशी बाटली शोधत धावण्यापेक्षा पाचव्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या नेमाने घेणे सोपे आहे. गोळ्यांनी शौचाला काळे होते म्हणून त्या मोरीत टाकून देतात, हेही आम्हांला ठाऊक आहे.

येण्यापूर्वी विश्वस्तांनी विचारले होते की, महोत्सवाच्या निधीतून बाळंतिणींसाठी संस्थेने काय करावे. प्रवेशद्वारावर कमान बांधण्याची सूचनाही आली आहे, असे कळले. कमान जरूर बांधावी. पण त्याआधी, ज्या ज्या लहान प्रसूतिगृहांत आपल्या बायका जातात, तेथे दर मिनिटाला आपोआप रक्तदाब घेणारे यंत्र आणि औषध ठिबकविणारा पंप आहे काय, एवढे विचारून पाहावे. नसेल तर ते देण्याची तयारी दाखवावी, आणि देताना ते वापरले जाते की कपाटात राहते हे सहा महिन्यांनी जाऊन पाहावे. देणगीदाराचे नाव यंत्रावर घालण्यास आमची हरकत नाही. ते शस्त्रक्रियागृहात असल्यामुळे फारसे कोणी वाचणार नाही, एवढाच त्यातील दोष. त्याबरोबर रात्री हाक मारताच येतील अशा रक्तदात्यांची, रक्तगटासह, एक यादी संस्थेच्या कार्यालयात असावी.

(व्याख्यानानंतर बऱ्याच प्रश्नांना उत्तरे दिली. त्यांपैकी दोन येथे देत आहोत.)

मागच्या रांगेतील एका आजींनी विचारले, “साहेब, मन्ही सुनले सुई दिधी तव्हपासून तिन्ही कंबर धरी ऱ्हायनी. ते कसं?” आम्ही त्यांना विचारले की, ज्या बायकांना सुई दिली नाही त्यांची कंबर धरत नाही का? आजी हसल्या. गर्भारपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाच्या भाराने कण्याचा बाक वाढतो, मग बाळाला वाकून पाजणे, वाकून न्हाऊ घालणे, आणि दीड महिन्यात पुन्हा साडीवर स्टोन लावायला बसणे. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, हे खरे. वर्षानुवर्षांचे दुखणे सुई घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत सारखेच आढळते. सुनेला पाठीच्या व्यायामासाठी घेऊन या, असे आम्ही आजींना सांगितले.

एका तरुणाने बीअर आणि त्याच्या साहाय्यकाच्या डोकेदुखीचे कारण विचारले. ते सांगण्याचे आम्ही विसरलो होतो. त्या काळच्या सुया जाड. त्यांनी पडलेल्या भोकातून कण्यातील पाणी गळत राहते आणि उठून बसले की डोके ठणकते. आता सुई फार बारीक असते आणि तिचे टोक पेन्सिलीसारखे असते. ते पडदा कापीत नाही, बाजूला सारते. त्यामुळे ही डोकेदुखी पुष्कळ कमी झाली. झालीच तर तिच्यावर उपाय आहे, तेव्हा घरी सोसत बसू नये, दवाखान्यात येऊन सांगावे. ती टाळण्यासाठी चोवीस तास उशीशिवाय सपाट निजून राहण्याची रीत अजून काही ठिकाणी पाळतात. तिने डोकेदुखी टळते असे सिद्ध झालेले नाही. बाळाला पाजायला त्रास होतो तो मात्र नक्की. “मग उशी द्यायची का?” असे त्याने विचारले. द्या, म्हणालो.